बंद दारामागचे सत्य उजेडात येते कसे?

जुलै २०१७ मध्ये गोव्यातील कांदोळी गावात महिला पोलिसांचे एक पथक एका घरातील अंधाऱ्या खोलीपर्यंत पोहोचले. आत पन्नाशीच्या आसपासची एक स्त्री होती. तिच्या अंगावर वस्त्र नव्हते, खोलीत उजेड नव्हता आणि सभोवती घाण साचली होती. तिला अन्न-पाणी खिडकीतून दिले जात असे. सुमारे वीस वर्षे ती त्या खोलीत होती. ते घर परक्याचे नव्हते. तिच्याच माहेरचे होते. विवाह होऊन ती मुंबईला गेली होती. पतीचे आधीच एक लग्न झालेले असल्याचे समजल्यावर ती परतली. त्यानंतर तिचे वागणे बिघडले, म्हणून तिला वेगळे ठेवावे लागले, असे घरच्यांकडून सांगण्यात आले.

कांदोळी हे काही निर्जन अरण्य नव्हे. देशोदेशीचे पर्यटक जेथे बाराही महिने येतात, असा तो किनारा. वीस वर्षांत त्या घरावरून किती माणसे गेली असतील, त्या घरी किती पाहुणे येऊन गेले असतील, याची गणती करता येणार नाही. पोलीस तेथे पोहोचले ते ‘बायलांचो साद’ या महिला संघटनेने ईमेलने तक्रार पाठविल्यामुळे. जे कोणी पाहिले वा ऐकले होते, ते या संघटनेपर्यंत गेले आणि संघटनेने ते लेखी स्वरूपात योग्य जागी पोहोचविले. एवढ्यानेच कुलूप निघाले.

अशी बातमी आली की आपण हळहळतो, त्या कुटुंबाला दूषणे देतो आणि चार दिवसांनी विसरतो. परंतु वाचकहो, या घटनांकडे जरा थांबून पाहिले तर एक प्रश्न समोर उभा राहतो. इतकी वर्षे जे झाकलेले राहते, ते अखेर उघडे पडते ते कोणामुळे आणि कसे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर पुढची एखादी खोली वीस वर्षांऐवजी वीस दिवसांत उघडू शकेल.

कोंडण्याची तीन कारणे

कुटुंबात माणूस कोंडला जातो त्यामागे साधारणपणे तीन प्रकारची कारणे आढळतात.

पहिला प्रकार निखळ गुन्ह्याचा आणि सत्तेचा. ऑस्ट्रियातील आम्स्टेटेन गावात योसेफ फ्रिट्झल याने आपल्या पोटच्या मुलीला १९८४ पासून २००८ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, घराखालच्या तळघरात डांबले आणि तिच्यावर अत्याचार केले. मार्च २००९ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच महिन्यात आपल्या ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथील प्रकरण उघड झाले. एका मांत्रिकाच्या सांगण्यावरून, घरात भरभराट व्हावी म्हणून, पिता आपल्या मुलीवर सुमारे नऊ वर्षे अत्याचार करीत होता. पिता, माता आणि मांत्रिक अशा तिघांनाही अटक झाली. येथे मुलीला साखळदंड नव्हता. ती बाहेर जात-येत होती. तिला बांधून ठेवले होते ते भीतीने आणि आईच्या मौनाने. कैद नेहमी कुलपाचीच असते असे नाही.

दुसरा प्रकार आजाराचा आणि लाजेचा. कांदोळीची घटना या प्रकारात येते. घरातील कुणाचे मानसिक संतुलन बिघडले की प्रथम उपचार होतात, मग नवस आणि अंगारे-धुपारे होतात, मग पैसा आणि धीर दोन्ही संपतात. घरात दुसऱ्या मुलीचे लग्न जमवायचे असते. तेव्हा रुग्णाला मागच्या खोलीत ठेवले जाते आणि हळूहळू त्या खोलीला बाहेरून कडी लागते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी निवासस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना पळता आले नाही. त्यांतील बहुतेकांना नातेवाइकांनीच बरे होतील या आशेने तेथे आणून सोडले होते.

तिसरा प्रकार भीतीचा. म्हणजे ‘संरक्षणा’च्या नावाखाली घातलेल्या बेड्यांचा. २००९ मध्येच वसईत एका गृहस्थाने आपली पत्नी व तीन मुली यांना सुमारे सात वर्षे घरात कोंडून ठेवल्याचे उघड झाले. बाहेरच्या जगात मुलींवर अत्याचार होतील अशी त्याला भीती वाटत होती, असे तेव्हा सांगण्यात आले. जगापासून वाचविण्यासाठी त्याने मुलींचे जगच काढून घेतले.

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. कोंडणाऱ्याजवळ शेजाऱ्यांना सांगण्यासारखे एक सभ्य कारण असते. ‘तिची तब्येत बरी नसते.’ ‘तो मामाकडे शिकायला आहे.’ ‘आमच्या मुली कुणात मिसळत नाहीत.’ फ्रिट्झलनेही आपली मुलगी कुठल्याशा पंथात सामील होऊन पळून गेली, असेच पत्नीला आणि पोलिसांना सांगितले होते आणि तिच्याकडून तशी पत्रेही लिहून घेतली होती. आपण अशा कारणांवर विश्वास ठेवतो. कारण ते खरे वाटते म्हणून नव्हे, तर त्यापुढे आपल्याला काही विचारावे लागत नाही म्हणून.

दार उघडले ते कुणी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर सांगितलेल्या आणि त्यांसारख्या घटना उघडकीस आल्या त्या वाटा तपासून पाहा.

आम्स्टेटेनचे तळघर उघडले ते एका आजारपणाने. एप्रिल २००८ मध्ये तळघरात जन्मलेल्या थोरल्या मुलीची प्रकृती इतकी ढासळली की तिला रुग्णालयात न्यावेच लागले. तिच्या आजाराचे निदान होईना, म्हणून डॉक्टरांनी तिच्या आईने पुढे यावे असे जाहीर आवाहन केले. डॉक्टरांच्या त्या साध्या आग्रहापुढे चोवीस वर्षांचा बनाव टिकला नाही.

मीरा रोडचे प्रकरण उघडले ते धाकट्या बहिणीमुळे. स्वतःवर झालेले सारे थोरलीने वर्षानुवर्षे सोसले. पण तेच धाकटीच्या वाट्याला आले, तेव्हा ती आजोळच्या माणसांकडे बोलली. अनेक पीडित व्यक्ती स्वतःसाठी नव्हे, तर दुसऱ्याला वाचविण्यासाठी प्रथम तोंड उघडतात. आणि ऐकणारी माणसे तेथे होती, हे त्या मुलींचे भाग्य.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पेरिस नावाच्या गावी १४ जानेवारी २०१८ रोजी सतरा वर्षांची एक मुलगी खिडकीतून बाहेर पडली आणि एका जुन्या मोबाईलवरून तिने पोलिसांना फोन केला. त्या घरात तेरा भावंडे होती, २ ते २९ वर्षे वयाची. काहींना साखळ्यांनी बांधले होते. मुलांना घरीच शिकवले जात असे, त्यामुळे त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एकही शिक्षक नव्हता.

आणि कांदोळीचे दार उघडले ते एका संघटनेच्या तक्रारीने.

म्हणजे रुग्णालय, आजोळ, फोन आणि तक्रार. वाटा चार दिसतात, तरी मूळ एकच आहे. प्रत्येक ठिकाणी घराबाहेरचे कुणीतरी एक माणूस होते, त्याने समोर आलेली खूण खरी मानली आणि दार उघडण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीपर्यंत ती पोहोचविली. पोलिसांनी आपण होऊन शोध घेतला आणि खोली सापडली, असे यांपैकी एकाही ठिकाणी घडलेले नाही. तसे घडणे कठीणही आहे. कायद्याचा हात घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो, परंतु आत काय आहे ते त्याला कुणीतरी सांगावे लागते.

आम्स्टेटेनच्या घटनेत आणखी एक कटू धडा आहे. तळघरात जन्मलेल्या मुलांपैकी तिघांना फ्रिट्झलने ‘दारात सोडून दिलेली नातवंडे’ म्हणून वरच्या मजल्यावर वाढविले. त्यांची पाहणी करण्यासाठी समाजकल्याण खात्याचे अधिकारी त्या घरी नियमित येत असत. इमारतीत भाडेकरूही राहत होते. म्हणजे त्या घरी कुणी जात नव्हते असे नाही. जाणाऱ्यांनी जे दाखविले गेले तेवढेच पाहिले. केवळ भेट पुरेशी नसते. जे दिसत नाही त्याविषयी विचारणे हे भेटीचे खरे काम असते.

मौनाचे आकडे

पीडित व्यक्ती बोलत का नाही, असे आपण सहज विचारतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कधीही कुणाची मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या होत्या अवघ्या १४ टक्के. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. सुमारे निम्म्या प्रकरणांत अत्याचारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची वा विश्वासातील होती आणि बहुतेक मुलांनी हे कुणालाही सांगितले नव्हते.

या मौनाची कारणे परकी नाहीत. ज्याने मारले तोच पोसतो. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच घरात रात्री परतायचे असते. बोलल्यावर विश्वास बसेल याची खात्री नसते आणि ‘घरची अब्रू चव्हाट्यावर आणली’ हा ठपका मात्र नक्की ठेवला जाणार असतो. म्हणूनच पीडितेने बोलावे ही अपेक्षा धरून बसणे म्हणजे सगळा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणे होय.

हा प्रश्न आजचा नाही. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचे नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे ती शिक्षा सौम्य झाली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक निघाले. त्याच्या लेखिका ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. उघडकीस आला तो फक्त स्त्रीचा अपराध. तिला त्या टोकाला नेणारी रूढी आणि तो पुरुष मात्र झाकलेलेच राहिले, हे ताराबाईंनी एकोणिसाव्या शतकात जगाला सुनावले. घटना उजेडात येणे आणि सत्य उजेडात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बुलढाणा जिल्ह्याच्या या लेकीने आपल्याला फार पूर्वी शिकविले आहे.

धामणगाव बढेसारख्या गावात

त्याच बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे गाव आहे. शहरातील बंद सदनिकेत शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नसतो, म्हणून अत्याचार लपतो, असे आपण म्हणतो. मग अशा गावात, जेथे कुणाच्या घरी पाहुणा उतरला हेही संध्याकाळपर्यंत सर्वांना समजते, तेथे काही लपू नये. परंतु गावात अत्याचार निराळ्या रीतीने लपतो. शहरात तो कुणाला माहीत नसतो म्हणून लपतो. गावात तो सर्वांना थोडाथोडा माहीत असतो आणि कुणीच पूर्ण बोलत नाही म्हणून लपतो. उद्या त्याच घराशी बांध लागलेला असतो, लग्नकार्यात एका पंगतीला बसायचे असते, उसनवारी असते. शिवाय ‘तो त्यांच्या घरचा मामला’ हे वाक्य तोंडावर तयार असते.

आजाराच्या बाबतीत अंतराचाही प्रश्न आहे. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मोताळा तालुक्यातून नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाने आक्रमक झालेल्या रुग्णाला एसटीने तेथे कसे न्यावे? दोनदा नेले, तिसऱ्यांदा मजुरी बुडवून कसे जावे? अशा घराला राक्षस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु उपचार जितका दूर, तितकी मागची खोली जवळ, हेही समजून घेतले पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवाही सुरू झाली आहे. ही माहिती वेळेवर पोहोचली तर काही खोल्यांना कडी लागणारच नाही.

गावात घरोघरी जाणारी माणसेही असतात, हे मात्र आपले बळ आहे. आशा सेविका प्रत्येक घराची नोंद ठेवतात. अंगणवाडी सेविकेला मुलांची संख्या ठाऊक असते. शिक्षकाला पटावरचे कोणते नाव अचानक गळाले ते कळते. स्वस्त धान्य दुकानदाराला शिधापत्रिकेवर किती नावे आहेत ते दिसते. अलीकडे तर प्रत्येक सदस्याचा अंगठा घेऊन ई-केवायसी करावी लागते. कागदावर नाव आहे, वाट्याचे धान्य उचलले जाते, पण ती व्यक्ती गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेली नाही, हा विचारण्याजोगा मुद्दा आहे.

अशा आणखीही खुणा असतात. सण, लग्न वा मयत असूनही घरातील एक व्यक्ती कधीच बाहेर येत नाही. तिच्याविषयी विचारले की घरातील दोघे दोन वेगवेगळी उत्तरे देतात. एका खोलीला बाहेरून कडी असते. मूल अंग झाकून वावरते, एका विशिष्ट नातेवाइकाजवळ जायला कचरते, वर्गात झोपते. सुनेला माहेरचा फोन एकटीने घेऊ दिला जात नाही. यांपैकी एकच खूण दिसली म्हणून कुणावर आरोप करणे योग्य नव्हे. त्यामागे साधे कारणही असू शकते. परंतु दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर गप्प बसणेही योग्य नव्हे.

२०२० च्या टाळेबंदीने हाच मुद्दा देशभर सिद्ध केला. शाळा, अंगणवाड्या, चर्च, बाजार सारे बंद झाले. मारणारा आणि मार खाणारा चोवीस तास एका छपराखाली आले आणि पाहणारे डोळे मात्र दूर गेले. राष्ट्रीय महिला आयोगाकडील कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी वाढल्या, आणि ज्यांना फोनवर बोलणेही शक्य नव्हते त्यांच्यासाठी आयोगाला एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू करावा लागला.

कायदा काय सांगतो?

सांगणारा अडचणीत येईल, ही आपल्याकडील सर्वांत मोठी भीती आहे. ती बऱ्याच अंशी अज्ञानातून आलेली आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार, अशी हिंसा घडली आहे, घडत आहे वा घडण्याचा संभव आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम ४ स्पष्ट सांगते. तक्रार पीडितेनेच द्यावी असे बंधन नाही.

बालकांच्या बाबतीत कायदा याहून पुढे गेला आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे माहीत असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन नातेवाईक, शेजारी, शिक्षक, डॉक्टर या सर्वांना लागू आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि माहिती दडविणे हा गंभीर गुन्हा आहे असे ठामपणे नमूद केले.

मनोरुग्णांसाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. खासगी घरात मनोरुग्णाचा छळ वा हेळसांड होत असल्याचे वाटल्यास कोणत्याही व्यक्तीने पोलीस ठाण्याला कळवावे आणि ठाणेदाराने तत्काळ दंडाधिकाऱ्याला अहवाल द्यावा, असे कलम १०१ सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ नुसार कुणालाही अन्यायाने कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. दहा वा अधिक दिवस कोंडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोंडलेल्या व्यक्तीच्या शोधासाठी घराची झडती घेण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी वा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. नातेवाईक असणे हा यापैकी कशालाही अपवाद नाही.

कळवायचे कुणाला? तातडीच्या वेळी ११२, बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. धामणगाव बढेला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. ज्या गावी ठाणे नाही तेथे पोलीस पाटील असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, संरक्षण अधिकारी आणि बाल कल्याण समिती यांच्याकडे जाता येते. तोंडी सांगितलेले विरून जाण्याची शक्यता असते. म्हणून तारीख घालून लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

उजेडात आल्यानंतर

खोली उघडली म्हणजे काम संपले असे नाही. कांदोळीच्या त्या भगिनीला बांबोळी येथील मनोरुग्णालयात उपचारांसाठी नेण्यात आले. वीस वर्षांनी मोकळी झालेली व्यक्ती जाणार कुठे, तिला सांभाळणार कोण, हे प्रश्न वर्तमानपत्रांची पाने उलटल्यावर सुरू होतात. कायद्याने स्त्रीला घरात राहण्याचा हक्क दिला आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो, आणि बलात्कार व बाल लैंगिक अत्याचारातील पीडितांसाठी राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तरीही अर्ज भरून देणारा, न्यायालयाच्या तारखेला सोबत येणारा, औषध संपण्याआधी आणून देणारा माणूस लागतो.

उलट, उघडकीस आणण्याच्या उत्साहात आपण नवी इजा करू नये. जमाव घेऊन घरात घुसणे, मोबाईलवर चित्रीकरण करून ते गावभर पाठविणे, पीडितेचे नाव घेत पारावर चर्चा करणे, हे सारे तिला दुसऱ्यांदा उघड्यावर आणणे आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख जाहीर करणे हा गुन्हाही आहे. संशयिताला आधीच जाब विचारला तर तो सावध होतो आणि कोंडलेल्या व्यक्तीला त्याची शिक्षा भोगावी लागते.

आपली जबाबदारी

ख्रिस्ती समाजाला हा विषय परका नाही. पवित्र शास्त्रातील शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तामारची कथा आहे. सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो, तो तुझा भाऊच आहे असे समजावतो. राजा दावीद संतापतो, परंतु करीत काहीच नाही. तामार आपल्या भावाच्या घरात उजाड होऊन राहते. अपराधी, सांभाळून घेणारा आणि रागावून स्वस्थ बसणारा, असे तिघेही एकाच कुटुंबातील. हा मजकूर शास्त्रातून कुणी वगळला नाही, यातच आपल्यासाठी बोध आहे.

ख्रिस्तसभेनेही झाकून ठेवण्याची मोठी किंमत मोजली आहे. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांनी अत्याचाराची माहिती मिळताच वरिष्ठांना कळविलेच पाहिजे, हा नियम पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये घालून दिला. जो नियम संस्थेला, तोच विवेक कुटुंबालाही लागू होतो.

धर्मग्रामात गृहभेटींची परंपरा आहे. धर्मगुरू घर आशीर्वादित करण्यास जातात, धर्मभगिनी आजाऱ्यांना भेटतात, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद गरजूंच्या घरी जातात, लहान ख्रिस्ती समूह आळीपाळीने घरोघरी प्रार्थनेला जमतात. ज्या उंबरठ्यावर पोलिसांना आदेश लागतो, तो आपण सहज ओलांडतो. हा विश्वास मोठा आहे आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही येते. प्रार्थनेच्या वेळी कुटुंबातील सर्वजण आले आहेत का? आजी कुठे आहेत? दृढीकरणापर्यंत येणारा मुलगा त्यानंतर का दिसला नाही? हे प्रश्न आपुलकीने विचारता येतात. आजाऱ्याला आम्ही आतच भेटू, असे म्हणता येते. आणि कुणी स्त्री घरातील मारहाणीविषयी सांगू लागली, तर ‘सहन कर, तुझा क्रूस आहे’ असे म्हणून तिला त्याच घरी परत पाठवू नये. क्रूस स्वतः स्वीकारायचा असतो; दुसऱ्याच्या पाठीवर लादायचा नसतो.

प्रत्येक धर्मग्रामात दोन जबाबदार स्त्रिया आणि एक पुरुष यांची नावे फलकावर असावीत, ज्यांच्याशी गुप्तपणे बोलता येईल. त्यांना वरील क्रमांक आणि कायद्याची ओळख असावी. जेथे मनोरुग्ण आहे त्या घराला महिन्यातून एक दिवस तरी विसावा मिळेल अशी पाळी समूहाने लावून घ्यावी. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. निवाडा करणे हे आपले काम नव्हे; ते न्यायालय करील. आपले काम खूण दिसली की ती खरी असू शकते असे मानणे आणि योग्य जागी कळविणे, एवढेच आहे.

काइनाने आपल्या भावाविषयी देवाला जे उत्तर दिले, तेच उत्तर आपण ‘त्यांच्या घरचा मामला’ या शब्दांत रोज देत असतो. कांदोळीत कुणीतरी ते उत्तर द्यायचे नाकारले, म्हणून एक स्त्री वीस वर्षांनी उजेडात आली. ते पहिल्याच वर्षी कुणी नाकारले असते, तर तिच्या आयुष्याची एकोणीस वर्षे वाचली असती.